पुण्यात खाऱ्या पाण्याची छोटी रीफ टाकी : आखणी कशी करावी, आत काय सोडावं?

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातली वनस्पतींची टाकी सांभाळता येते, खारं पाणी मात्र पहिल्यांदाच. टाकी ६० × ४५ × ४५ सेंमी, काच ८ मिमी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खोली पश्चिमेची. मे महिन्यात दुपारी खोलीत ३४-३५ अंश होतं. उन्हाळ्यात सोसायटीला टँकर लागतो. घरी पिण्याचा आरओ आहे, त्यातल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ६० येतो. वीज अधूनमधून तास-दोन तास जाते.

विचारायचं ते असं : हेच आरओचं पाणी चालेल का? चिलर घ्यावाच लागेल की पंख्यावर भागेल? दिवाळीत मालवणला जाणं होतं, तिथून समुद्राचं पाणी आणि थोडे दगड आणले तर? तयार मीठ महाग पडतं, मग खडेमीठ का नको? आत दोन क्लाउनफिश, एक निळा टँग, एक अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) आणि थोडे प्रवाळ असावेत असं मनात आहे.

---

खाजण

आधी पाण्याचा हिशोब. या मापाची टाकी काठोकाठ भरली तर १२१ लिटर. वरचे तीन सेंमी मोकळे ठेवा, काच आणि दगडांनी व्यापलेली जागा वजा करा, म्हणजे हातात साधारण १०० लिटर उरतात. यापुढे मीठ, औषध, मासे, सगळं याच १०० वर मोजायचं. वजन म्हणाल तर पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून दीडशे किलोच्या पुढे जातं. स्टँडला बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारं) प्लाय वापरा. लोखंडी स्टँडवर मीठ चढतं आणि वेल्डिंगच्या जोडापासून गंज धरतो.

घरच्या आरओचं पाणी आहे तसं चालणार नाही. पिण्याच्या आरओला टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा कॉक असतो. चव यावी म्हणून तो कच्चं पाणी परत मिसळतो, तुमचे ६० बहुधा तिथूनच येतात. हा कॉक पूर्ण बंद करा. मिनरल कार्ट्रिज असेल तर ते काढा आणि मेम्ब्रेननंतर डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडा. त्यापुढचं पाणी शून्य दाखवलं पाहिजे. मेम्ब्रेन ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते, म्हणजे ६०० टीडीएसच्या टँकरच्या पाण्यातले १२ ते ३० पलीकडे जातातच. ते रेझिन पकडतं, पण अशा पाण्यावर लवकर संपतं. म्हणून शक्यतो धरणाचं पाणी येत असेल त्या दिवसांत ड्रम भरून ठेवा. ड्रम खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लास्टिकचा हवा आणि वाटेत पितळी तोटी किंवा जोड नको. तांब्याचा अंशसुद्धा गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळांना मारतो. सिलिका आली की काचेवर तपकिरी थर धरतो आणि फॉस्फेट आला की हिरवं शेवाळ वाढतं. नवीन टाकीतल्या शेवाळाच्या निम्म्या तक्रारींचं मूळ पाण्यात असतं आणि लोक दिवे बदलत बसतात.

खडेमिठाचं उत्तर मिठागरातच आहे. समुद्राचं पाणी आटताना कॅल्शियम आधीच्या वाफ्यांत कार्बोनेट आणि जिप्सम होऊन खाली बसतं. मीठ धरल्यावर उरलेलं कडवट पाणी सोडून देतात, त्याबरोबर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम जातं. हाती येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. प्रवाळाला लागणारं नेमकं बाहेर राहिलेलं असतं. सैंधवाचंही तेच. त्यामुळे रीफसाठी बनवलेलं मीठच घ्या.

प्रमाण : लिटरला ३७ ते ३८ ग्रॅम. म्हणजे पहिल्या भरणीला पावणेचार किलो आणि दर आठवड्याच्या १० लिटर बदलाला ३७०-३८० ग्रॅम. टबात आधी पाणी, त्यात पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर क्षणभर द्रावण फार घट्ट होतं, कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन खाली बसतं आणि परत विरघळत नाही. मिठाची पिशवी उघडली की हवाबंद डब्यात ओता. पावसाळ्यात ते पाणी ओढून ढेकळं धरतं आणि मग वजनाचा हिशोब चुकतो.

क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. ती रिफ्रॅक्टोमीटरनेच मोजा. तो नुसता आरओच्या पाण्यावर शून्याला लावला तर ३५ च्या आसपास चुकू शकतो. ३६.५ ग्रॅम शुद्ध, आयोडीन नसलेलं सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा. हे द्रावण यंत्रात ३५ दाखवलं पाहिजे. दाखवत नसेल तर स्क्रू फिरवून ३५ वर आणा.

आता उष्णता, पुण्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. लक्ष्य २५ ते २७ अंश. एक लिटर पाणी वाफ होताना जवळपास २४०० किलोज्यूल उष्णता नेतं, आणि १०० लिटर पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे ४२० किलोज्यूल पुरतात. पंखा म्हणूनच काम करतो. पृष्ठभागावर तिरपे वारे सोडणारे दोन छोटे पंखे पुण्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये टाकी खोलीपेक्षा तीन-चार अंश खाली ठेवतात. पण तुमची खोली ३५ ला जाते, म्हणजे टाकी ३१ ला राहणार. तेवढ्यावर भागणार नाही. एकतर टाकी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत हलवा, नाहीतर १/१० हॉर्सपॉवरचा चिलर घ्या. चिलरची गरम हवा त्याच बंद कपाटात सोडू नका. तो स्वतःच्याच उष्णतेशी भांडत राहतो आणि कधी बंदच होत नाही. मुंबई-ठाण्याच्या लोकांनी पंख्याचा हा हिशोब धरू नये, तिथल्या दमट हवेत बाष्पीभवन निम्म्यावर येतं.

पंख्याने रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं. जातं ते निव्वळ पाणी, मीठ मागे राहतं. तीन दिवस दुर्लक्ष झालं आणि ८ लिटर कमी झाले तर ३५ ची क्षारता ३८ होते. म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) हवाच, आणि त्यात गोडं आरओ पाणी. खारं कधीच नाही. टॉप-ऑफची बादली १० लिटरपेक्षा मोठी ठेवू नका. फ्लोट अडकून ती सगळी रिकामी झाली तरी क्षारता ३२ च्या आसपास थांबते, मासे वाचतात. बादली ४० लिटरची असेल तर तेवढ्यावर थांबत नाही.

---

किनाराधारा

खाजण यांनी पाण्याचं सविस्तर लिहिलंय. मी मालवणच्या दगडांबद्दल लिहिते, कारण इथे चूक झाली तर ती टाकीपुरती राहत नाही.

दगड आणू नका. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पण अभयारण्याच्या बाहेरही आणता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण, रीफ बांधणारे प्रवाळ आहेत. त्याशिवाय काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि सगळे समुद्रपंखे. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. मेलेला, पांढरा पडलेला तुकडासुद्धा त्यात येतो. किनाऱ्यावर वाहून आलेला म्हणून सुटका नाही. समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि मोठे शिंपले यांनाही संरक्षण आहे. दुकानात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून मिळणारा दगड पुष्कळदा प्रवाळाचाच असतो. त्यावर फुलासारखे खाचखळगे किंवा ताऱ्यासारखी नक्षी दिसली तर तो घेऊ नका.

मग काय वापरायचं? सच्छिद्र सिरॅमिकचे कृत्रिम खडक. १०० लिटरला ७-८ किलो भरपूर होतात. सिमेंट आणि मिठाचे घरगुती खडकही करतात, पण ते सहा ते आठ आठवडे पाणी बदलत भिजवावे लागतात, नाहीतर चुन्यामुळे पीएच चढतो. कोकणातले लोक जांभ्याचा विचार करतात, छिद्रं असतात म्हणून. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. तो फॉस्फेट धरतो, भुगा सोडतो, पाणी लाल करतो. नको.

पाण्याचंही तसंच. पावसाळ्यानंतर खाड्यांच्या तोंडाशी क्षारता उतरलेली असते, गाळ असतो, आणि डब्यातून पुण्यापर्यंत येईस्तोवर त्यातले सूक्ष्मजीव मरून पाणी कुजायला लागतं. मीठ घालून घरी बनवलेलं पाणी जास्त भरवशाचं.

रचना करताना खडक मागच्या काचेला टेकवू नका. चारही बाजूंनी बोटभर जागा सोडा म्हणजे पाणी फिरतं आणि काच पुसता येते. खडक थेट तळकाचेवर ठेवा. वाळूवर ठेवले तर माशांनी खाली उकरल्यावर ढासळतात. वाळू घालायची तर दोन-अडीच सेंमी, म्हणजे साधारण १० किलो. नाही घातली तरी चालतं, तळ सायफनने स्वच्छ ठेवणं उलट सोपं जातं.

---

मुळाकाठ

दोघांचे मनापासून आभार. दगडांचा विचार सोडला. टाकी पूर्वेच्या खोलीत हलवतो, तिथे मे महिन्यात ३० च्या वर जात नाही. आता सायकलिंगचं, म्हणजे टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवण्याचं, सांगाल का? दुकानात म्हणाले की दोन डॅमसेल मासे सोडा, महिन्यात टाकी तयार होईल.

---

भरती_ओहोटी

डॅमसेल सोडू नका. अमोनियात त्यांचे कल्ले भाजतात. त्यातून वाचले तर टाकीचे मालक होऊन बसतात आणि पुढे आलेल्या प्रत्येक माशाला मारतात. सगळे खडक उचलल्याशिवाय ते पकडताही येत नाहीत.

माशाविना सायकलिंग नवसागराने करा. कल्हईवाल्यांचा नवसागर नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड घ्या. १०० लिटरला ०.६३ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएम होतो. साध्या वजनकाट्यावर एवढं मोजता येत नसेल तर ६.३ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १०० मिली टाका. बाटलीतले जिवाणू त्याच दिवशी घाला. तापमान २७-२८, वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) चालू, दिवे बंद. उजेड नसला तर शेवाळाला सुरुवातच मिळत नाही.

अमोनिया शून्यावर आला की तेवढाच डोस पुन्हा. २ पीपीएम चोवीस तासांत संपायला लागला की टाकी तयार. याला तीन ते सहा आठवडे लागतात. नायट्राइट रेंगाळला तर घाबरू नका. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की नायट्राइट कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही, गोड्या पाण्यासारखा तो इथे मारक नाही. पण नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटचं किट खोटा, जास्त आकडा दाखवतं. तो आकडा पाहून घाईने पाणी बदलू नका. सायकल संपल्यावर ३०-४० लिटर बदला आणि मग दिवे लावा.

वीज जाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २५ अंशांना गोड्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला ८.२ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च. पाणी तापलं की आणखी कमी. वनस्पतींच्या टाकीत दोन तास पंप बंद राहिला तर काही होत नाही, इथे होतं. घरी इन्व्हर्टर असेल तर वेव्हमेकर त्यावर घ्या. डीसी पंप जेमतेम १० वॉट खातो, बॅटरीला कळतही नाही. चिलर आणि दिवे त्यावर नकोत. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअरपंप. सगळ्या वायरींना प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर टपकतो. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलंच पाहिजे. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं.

हिवाळ्यासाठी १०० वॉटचा हीटर, पण त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटवर विसंबू नका. स्वस्त हीटर ‘चालू’ स्थितीत अडकतात आणि सकाळपर्यंत टाकी ३४ ला जाते. बाहेरून दोन रिलेचा कंट्रोलर लावा, २५.५ च्या खाली हीटर आणि २६.५ च्या वर पंखा.

प्रवाह तासाला १५०० ते २००० लिटर. स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र) एवढ्या टाकीला, तीन-चार छोट्या माशांवर, लागत नाही. फिल्टरचा कापूस मात्र दर तीन दिवसांनी बदला.

---

खाजण

स्किमरबद्दल थोडं वेगळं मत. पाणी बदलून साफसफाई होते हे खरं, पण स्किमर हवाही मिसळतो. उन्हाळ्यात रात्री, दिवे बंद असताना, त्याचा फायदा ऑक्सिजनला होतो. पैसे आधी आरओ-डीआय, टॉप-ऑफ आणि तापमान कंट्रोलरवर घाला. उरले तर स्किमर.

---

किनाराधारा

आता मासे. निळा टँग यादीतून काढा. तो २५ सेंमीच्या पुढे वाढतो आणि दिवसभर लांब पोहणारा मासा आहे. तुमच्या टाकीची पूर्ण लांबी ६० सेंमी. अ‍ॅनिमोनही पहिलं वर्ष नको. तो सरकत जागा बदलतो, वेव्हमेकरमध्ये सापडतो, आणि मेला की एका रात्रीत सगळं पाणी नासवतो. क्लाउनफिश त्याच्याशिवाय उत्तम राहतात, विशेषतः पैदास केंद्रातले. ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते, मंडपम आणि विळिंजमलाही सरकारी संस्थांनी ती करून दाखवली आहे. दुकानदाराला विचारा, मासा पैदास केंद्रातला की समुद्रातून पकडलेला. पैदासीचा मासा गोळीखाद्य पहिल्या दिवसापासून खातो आणि त्यासाठी कुठली रीफ रिकामी होत नाही.

१०० लिटरला माझी यादी अशी : दोन ओसेलॅरिस क्लाउन, एक लहान एक मोठा, म्हणजे मोठी मादी होते आणि भांडण मिटतं. एक फायरफिश. वाळू ठेवली तर एक पिवळा वॉचमन गोबी. बस, चारच्या वर नाही. सोडण्याचा क्रम भित्र्यापासून धीटाकडे : आधी फायरफिश, मग गोबी, शेवटी क्लाउन. दोन सोडण्यांमध्ये किमान तीन आठवडे. फायरफिश उडी मारतो, बारीक जाळीचं झाकण पहिल्या दिवसापासून हवं. माशांच्या आधी पाच-सहा सेरिथ आणि दोन नसारियस गोगलगायी. टर्बो आणि ट्रोकसच्या काही जाती कायद्याच्या यादीत आहेत, नाव नीट माहीत नसेल तर टाळा.

पिशवीतला मासा तासभर थेंब थेंब पाण्यावर ठेवण्याची पद्धत माशांसाठी सोडून द्या. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि विषारी अमोनियाचं प्रमाण दहापटीहून जास्त होतं. पिशवी बंद ठेवून १५-२० मिनिटं तरंगवा आणि क्वारंटाइनच्या (नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टबाच्या) पाण्याची क्षारता आधीच पिशवीएवढी ठेवा. मग उघडून मासा लगेच हलवा, पिशवीतलं पाणी टाकून द्या. गोगलगायी आणि कोळंबीला मात्र क्षारतेशी जुळवायला हळूहळू थेंब हवेतच.

क्वारंटाइन टाळू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरियन, माशावर काही दिवस राहून खाली पडतो, तळाला कोश करतो आणि त्यातून नवे बाहेर येतात. कोश फुटण्याआधी मासा हलवला की साखळी तुटते. २०-२५ लिटरचे दोन टब घ्या, दर ७२ तासांनी मासा दुसऱ्या, पूर्ण वाळवलेल्या टबात. असे चार वेळा, १२ दिवस. औषध लागत नाही. मखमली रोगावर मात्र याचा उपयोग नाही. अंगावर पिठासारखी बारीक धूळ आणि जोराचा श्वास दिसला तर वेगळ्या टबात तांब्याचाच उपचार. मुख्य टाकीत तांबं कधीही टाकायचं नाही. ठिपके मुख्य टाकीत दिसलेच तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस रिकामी ठेवावी लागते.

---

मुळाकाठ

यादी पटली, टँग आणि अ‍ॅनिमोन बाद. शेवटचं विचारतो : कठीण प्रवाळ अनुसूचीत, मग प्रवाळ म्हणून ठेवायचं तरी काय? आणि त्यांना वेगळं काही घालावं लागतं का?

---

किनाराधारा

मऊ प्रवाळ ठेवा : झोअँथिड, मशरूम (डिस्कोसोमा, रोडॅक्टिस), लेदर आणि झेनिया. यांत दगडी सांगाडा बांधणारं कुणी नाही. हॅमर, टॉर्च, ॲक्रोपोरा, मोंटिपोरा हे सगळे कठीण प्रवाळ. दुकानदार परदेशातून आलेले आहेत असं सांगेल, पण आयातीचे कागद आणि २०२४ च्या नियमांनुसार पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी हा वेगळाच विषय होतो. पहिल्या टाकीत त्यात पडू नका. पावती घ्या आणि तीवर जातीचं नाव लिहून मागा.

झेनिया आणि मशरूम वेगळ्या, सुट्या खडकावर ठेवा. मुख्य रचनेवर चढले तर सहा महिन्यांत सगळीकडे पसरतात. लेदर अधूनमधून मिटून मेणासारखा थर टाकतो, आठवडाभरही मिटलेला राहतो. तो मेला नाही, त्याच्यावर थेट प्रवाह सोडा म्हणजे थर निघून जातो.

झोअँथिडबद्दल सगळ्यांनी नीट वाचा. काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, ज्ञात विषांपैकी अतिशय तीव्र. हात लावताना हातमोजे आणि चष्मा, हाताला जखम असेल तर हात घालूच नका. ज्या दगडावर ते आहेत तो उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही, ब्रशने घासायचा नाही. वाफेतून आणि तुषारांतून ते श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. नकोसे झोअँथिड काढायचे तर दगडच टाकीतून काढून ब्लीचच्या द्रावणात, गॅलरीत, बुडवून ठेवा आणि तिथे मुलं-मांजरं फिरकू देऊ नका.

---

भरती_ओहोटी

घालायला फार काही लागत नाही. अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षमता) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. मऊ प्रवाळ यातलं थोडंच वापरतात, आठवड्याच्या १० लिटर पाणीबदलातून ते भरून निघतं. अल्कलिनिटी उतरली तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा एक डीकेएच वाढवतो. आरओ पाण्यात विरघळवून, प्रवाहात हळूहळू, आणि दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त नाही. साधा सोडियम बायकार्बोनेटच. बेकिंग पावडर किंवा फळांच्या चवीचं आम्लपित्ताचं चूर्ण चालत नाही, त्यात आम्ल असतं.

नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राहू द्या. दोन्ही शून्य करण्याच्या नादात अनेक नव्या टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट येतात : तपकिरी, बुडबुडे धरलेला, नाकातल्या शेंबडासारखा थर, दुपारी वाढतो आणि रात्री विरळ होतो. तो दिसला तर फॉस्फेट काढणारं माध्यम बाहेर काढा, पाणीबदल काही दिवस थांबवा आणि खाद्य थोडं वाढवा.

दिवा ८ तास, सुरुवातीला ३०-४० टक्क्यांवर, दर आठवड्याला पाच टक्के वाढ. मशरूम खाली सावलीत ३० ते ६० पारवर (पार हे प्रवाळाला उपयोगी उजेडाचं माप), झोअँथिड मध्ये ५० ते १०० वर, लेदर वरच्या खडकावर. मशरूम ताणून पातळ झाला तर उजेड कमी पडतोय. आकसून फिकट झाला तर जास्त होतोय, खाली सरकवा आणि पुन्हा हलवण्याआधी दोन आठवडे थांबा.